व्याधी पोसणारे उपाय : एक प्रस्तावना

१८८० साली व्हिएन्ना नगरीतील एका संपन्न ज्यू घराण्यात, आजारी पित्याच्या उशाशी बसून अहोरात्र शुश्रूषा करणारी एकवीस वर्षांची एक कुशाग्र मुलगी पाहता पाहता स्वतःच अंथरुणास खिळली. तिचे हातपाय आखडले, दृष्टी अधू झाली, जन्मभाषा जर्मन जिभेवरून नाहीशी होऊन ती केवळ इंग्रजीतून बोलू लागली, आणि पुढील वसंतात पिता निवर्तला तेव्हा तिने अन्नाकडेही पाठ फिरवली. डॉ. योसेफ ब्रॉयर हे तिचे वैद्य. सायंकाळी तिच्याजवळ बसून ती जे सांगेल ते ऐकत राहणे, याखेरीज त्यांच्यापाशी फारसा इलाज नव्हता. परंतु एखादे लक्षण प्रथम केव्हा व कोणत्या प्रसंगी उद्भवले याची कथा ती मनातील क्षोभासह सांगून मोकळी झाली की ते लक्षण मागे हटते, असे त्यांच्या ध्यानी आले. या प्रकाराला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव त्या मुलीनेच दिले. ब्रॉयर आणि त्यांचे तरुण सहकारी सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली ‘अ‍ॅना ओ.’ या टोपणनावाने तिची हकीकत प्रसिद्ध केली, आणि आधुनिक मानसोपचाराची वंशावळ तेव्हापासून त्या खोलीपर्यंत नेऊन भिडवण्याचा प्रघात पडला.

प्रघात सोयीचा आहे, पण त्यात एक गोम आहे. ती मुलगी त्या उपचाराने बरी झाली नव्हती. १८८२ साली ब्रॉयर यांनी तिचा निरोप घेतल्यानंतर तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यभवनात ठेवावे लागले, मॉर्फिनची सवय जडली ती निराळीच, आणि हा सारा मजकूर दप्तरात दडून राहिला तो हेन्री एलेनबर्गर या इतिहासकाराने १९७२ साली उजेडात आणला. पुढे बऱ्याच वर्षांनी ती सावरली आणि बेर्टा पापेनहाइम या आपल्या खऱ्या नावाने जर्मनीतील ज्यू स्त्रियांची अग्रणी झाली. १९०४ साली तिने त्यांची संघटना उभारली आणि १९५४ साली पश्चिम जर्मनीने तिच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्या रुग्णेच्या नावावर या शास्त्राचा जन्मदाखला लिहिला गेला तिला त्या शास्त्राने पुरते तारले नव्हते, ही गोष्ट उपचारांचा महिमा वर्णन करू पाहणाऱ्या कोणाही प्रस्तावनाकाराने आधीच कबूल करून टाकावी हे बरे. म्हणजे पुढे जे सांगावयाचे त्याला भाटगिरीचा वास येत नाही.

तरीही मी आरंभ तिच्यापासूनच केला, याचे कारण निराळे आहे. चिंता, विषाद, आघातोत्तर यातना आणि आहाराचे विकार या चारही व्याधी, ज्यांचा विचार पुढील पृष्ठांत व्हावयाचा आहे, त्या एकट्या मुलीच्या ठायी एकत्र नांदत होत्या. पाठ्यग्रंथांतून त्यांची चार स्वतंत्र प्रकरणे पडतात आणि ती पडणे अभ्यासाच्या दृष्टीने इष्टही आहे. परंतु प्रत्यक्ष माणसात त्या क्वचितच एकट्या येतात. त्यांच्यात रूपाने जे अंतर दिसते ते दृष्टीआड करून त्यांच्या टिकून राहण्याची रीत न्याहाळली, तर एकच सूत्र हाती लागते. यातनेपासून तात्काळ सुटका व्हावी म्हणून माणूस जो उपाय योजतो, तोच उपाय त्या यातनेला पोसू लागतो. मानसोपचार म्हणजे हा पोसणारा हात सावकाश, रुग्णाच्या संमतीने आणि रीतसर क्रमाने बाजूला करण्याची विद्या होय, असे माझे मत आहे, आणि ही प्रस्तावना त्या मताच्या पुष्ट्यर्थच लिहिली आहे.

चिंतेच्या व्याधीत हे सूत्र सर्वांत उघडे दिसते. लोकलगाडीच्या गर्दीत एके दिवशी एखाद्या नोकरदाराची छाती धडधडू लागते, घाम सुटतो, आता आपला प्राण जाणार असे त्याला वाटते. डॉक्टर हृदयाची तपासणी करून सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देतात. तरी दुसऱ्या दिवशी तो गाडी टाळून बसने जातो, आणि गाडी टाळल्याबरोबर जे हायसे वाटते तेच त्याचा घात करते. टाळल्याने मिळणारी ही निश्चिंतता सावकाराच्या कर्जासारखी असते. गरजेला रोकड हाती पडते खरी, पण दरमहा व्याज चढत जाऊन अखेर घर गहाण पडते. काही महिन्यांनी बसही सुटते, मग बाजार, मग देऊळ, आणि शेवटी सोबतीला कोणी असल्याशिवाय उंबरठा ओलांडणे अशक्य होते. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी विदुषीने १९२४ साली सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाची हकीकत प्रसिद्ध केली, तीत बालक आवडीचे खाणे खात असताना ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणून रोज थोडाथोडा जवळ आणीत अखेर त्याच्या मांडीवर बसवण्यापर्यंत मजल गेली होती. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून काम केलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पी यांनी हेच तत्त्व पुढे प्रौढांना लावले आणि १९५८ साली त्याचे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले. भीतीच्या विषयांची चढती पायरी आखावी, आणि प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत तेथून पळू नये. आज जगभर चिंतेवर जो परिणामकारक उपचार होतो त्याचा गाभा एवढाच आहे. तो सांगावयास सोपा आणि करावयास अत्यंत कठीण आहे, आणि म्हणूनच त्यासाठी सोबतीला जाणता माणूस लागतो.

आहाराच्या विकारांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे त्यांच्याविषयी अज्ञान अधिक आहे आणि ते अज्ञान सुशिक्षितांतही आहे. हा पाश्चात्य श्रीमंतांच्या मुलींचा नखरा आहे, आपल्याकडे खायला नाही म्हणून लोक उपाशी राहतात, असल्या विधानांत करुणेचा आव असला तरी विचार नाही. ज्या समाजात संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र यांच्या निमित्ताने न जेवणे ही पुण्यप्रद गोष्ट समजली जाते, तेथे एखाद्या मुलीचे जेवण दिवसेंदिवस कमी होत असल्याचे घरच्यांच्या लक्षात उशिरा येते. उलट आरंभी तिच्या निग्रहाचे कौतुकच होते. उपासाला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण व्रत संपते आणि पारण्याचा आनंद होतो. या व्याधीत पारणे येत नाही. अभ्यासात, नात्यागोत्यात, स्वतःच्या बदलत्या देहात, कशावरच आपला अंमल चालत नाही असे वाटणाऱ्या जिवाला ताटावर मात्र आपली निरंकुश सत्ता चालते असा शोध लागतो, आणि त्या सत्तेचे समाधान इतके गोड असते की भूक, थंडी, अशक्तपणा, मासिक पाळी बंद होणे यांपैकी काहीही तिला ती सत्ता सोडावयास लावू शकत नाही. हिल्डे ब्रूख या विदुषीने आयुष्यभर अशा मुलींवर उपचार केले आणि १९७८ सालच्या आपल्या पुस्तकाला ‘सोन्याचा पिंजरा’ हे नाव दिले. मनोविकारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आहे त्यांत अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होझाची गणना होते, हे ज्यांना नखरा वाटतो त्यांनी ध्यानात घ्यावे. पुरुष आणि मुलगे यांनाही हा विकार होतो, फक्त त्यांच्यात तो शोधला जात नाही.

या विकाराचे वैद्यकीय वर्णन १८७३ साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केले. लासेग यांचे निरीक्षण आजच्या मराठी घरालाही जसेच्या तसे लागू पडते: घरच्या माणसांजवळ दोनच साधने असतात, विनवणी आणि धमकी, आणि दोन्ही ती संपेपर्यंत वापरतात. ‘माझी शपथ आहे, दोन घास तरी खा’ ही पहिली. ‘नाही जेवलीस तर उद्यापासून कॉलेज बंद’ ही दुसरी. दोन्हींमुळे ताट हे रणांगण होते आणि व्याधीला जे हवे असते तेच मिळते. गल यांनी तर नातेवाइकांना सर्वांत अयोग्य परिचारक ठरवले होते. यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयात जेरल्ड रसेल, क्रिस्टोफर डेअर, इव्हान आइस्लर आदींनी हा निकाल पुष्कळसा फिरवला. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत आईबापांना दूर न सारता त्यांनाच भोजनाचा कारभार हाती घेण्यास शिकवावे. मुलगी आणि व्याधी या दोन भिन्न गोष्टी मानून रोष व्याधीवर ठेवावा, मुलीवर नव्हे. दोष कोणाचा याची चौकशी तहकूब करावी. आणि वजन सावरले की तो कारभार क्रमाक्रमाने मुलीला परत द्यावा, अशी ही पद्धती आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तौलनिक अभ्यासात कमी वयाच्या व अलीकडेच आजारी पडलेल्या रुग्णांना तिचा विशेष गुण आला. गल यांची नातेवाइकांविषयीची तक्रार खोटी नव्हती; परंतु न शिकवलेल्या नातेवाइकांना पाहून त्यांनी ती केली होती, हा फरक आहे.

आधी अन्न की आधी मन, असा वाद या उपचारात पूर्वी फार चाले. त्याचा बराचसा निकाल एका निराळ्याच प्रयोगाने लावला. नोव्हेंबर १९४४ पासून सुमारे वर्षभर चाललेल्या प्रयोगात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी, युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार दिलेल्या आणि स्वखुशीने पुढे आलेल्या ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धग्रस्त युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे शोधण्याचा त्यांचा उद्देश होता. शरीरे खंगली यात नवल नाही. पण जे तरुण आधी समतोल मनाचे म्हणून निवडले गेले होते ते चिडखोर, उदास आणि एकलकोंडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, घास तासन्‌तास चघळीत बसू लागले, आणि काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवली. ज्याला आपण त्या मुलींचा स्वभाव समजत होतो त्यातील मोठा भाग केवळ उपासमारीचा परिणाम असतो, हे त्यावरून दिसले. उपाशी मेंदूशी केलेला युक्तिवाद फुकट जातो. म्हणून उपचारात अन्न हेच पहिले औषध. भूक आवरता आवरता अकस्मात बांध फुटून अतोनात खाणे आणि मग अपराधी भावनेने ते बाहेर टाकणे, या बुलिमिया नामक भगिनीविकाराचे वर्णन रसेल यांनीच १९७९ साली केले. त्यावर ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेल्या उपचाराचा प्रारंभही नेमस्त वेळी नियमित जेवण आणि त्याची प्रामाणिक नोंदवही येथूनच होतो, कारण त्या बेबंद खाण्याचे मूळ कडक उपासात असते. रुग्ण उपास हा इलाज समजून करीत असतो. वर सांगितलेले सूत्र येथे पुन्हा दिसते.

आघाताच्या प्रकरणी टाळण्याचा विषय भूतकाळ असतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांना, जे पाहिले ते विसरा, मन रमवा, सुंदर देखावे आठवा, असा सल्ला तज्ज्ञ डॉक्टरही देत असत. दिवसा तो पाळणारे हे सैनिक रात्री किंचाळत उठत. एडिंबरानजीक क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी या सल्ल्याला विरोध केला. हे तेच रिव्हर्स, ज्यांनी नीलगिरीतील तोडा जमातीत राहून १९०६ साली तिच्यावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला होता. परक्या माणसाचे बोलणे त्याच्या बाजूने समजून घेण्याची त्यांची सवय तेथे मुरली असावी, असे मला आपले वाटते. आठवणी दडपण्यात जे बळ खर्ची पडते त्यानेच त्या रात्री उसळतात, सबब दिवसा काही वेळ त्यांच्याकडे पाहावे, त्यांत सहन करण्याजोगे असे काय आहे ते शोधावे, असे त्यांचे म्हणणे असे, आणि ते त्यांनी डिसेंबर १९१७ मध्ये वाचलेल्या निबंधात मांडले. त्याच निबंधात त्यांनी असाही एक रुग्ण नोंदवला आहे, ज्याच्या आठवणीत सहन करण्याजोगा एकही पैलू त्यांना सापडला नाही. ही नोंद लपवली नाही, यात रिव्हर्स यांचे मोठेपण आहे.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या आणि स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीच्या रेट्याने १९८० साली अमेरिकेच्या मनोविकार-सूचीत आघातोत्तर विकाराला अधिकृत स्थान मिळाले. रणांगण आणि शयनगृह या दोन्ही ठिकाणचा आघात एकाच जातीचा असतो, हे ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ सालच्या ग्रंथात ठासून सांगितले. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आपल्या कुटुंबांचे धोरण येथे किती महाग पडते याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. घरातल्याच माणसाने केलेल्या अत्याचाराची कैफियत मुलीने आईपाशी मांडली, तर तिला पहिली ताकीद मिळते ती गप्प बसण्याची. एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण ती आठवण सुरक्षित खोलीत, आपल्याच गतीने, पुनःपुन्हा सांगतो, आणि भूतकाळ हळूहळू भूतकाळात जाऊन बसतो. मात्र येथे एक इशारा आवश्यक आहे. दुर्घटना घडताच सर्व वाचलेल्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत मन मोकळे करावयास लावण्याची जी पद्धत मध्यंतरी लोकप्रिय झाली, तिने पुढचा विकार टळत नाही, असे काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांतून निष्पन्न झाले आहे. बोलणे हे स्वतःसिद्ध औषध नव्हे. केव्हा, कोणापाशी, कोणत्या क्रमाने, यावर सारे अवलंबून असते, आणि ज्याला आज बोलावयाचे नाही त्याला न बोलण्याची मुभा असलीच पाहिजे.

विषादाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. फिलाडेल्फियाचे एअरन बेक हे मूळचे फ्रॉइडपंथीय. विषण्ण रुग्णांच्या स्वप्नांत दडपलेला क्रोध सापडेल या अपेक्षेने त्यांनी ती तपासली, तेव्हा त्यांत सापडले ते हानी आणि अपयश. तेथून त्यांनी रुग्णाच्या विचारांचा पुरावा रुग्णासमवेत तपासण्याची रीत बसवली, आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ती इमिप्रामिन या औषधाहून उणी ठरली नाही. न्यू यॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा आधार घेत जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती काढली, ती एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून प्रा. कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, हे आपले भाग्य. पण मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे संशोधन. १९९६ साली सिअ‍ॅटलच्या नील जेकबसन यांनी बेक यांच्या उपचाराचे घटक सुटे करून पाहिले, तेव्हा विचारांची चिकित्सा वगळून केवळ सोडून दिलेल्या कामांकडे माणसाला परत नेणारा भागही संपूर्ण उपचाराइतकाच गुणकारी आढळला. विषण्ण माणूस थकवा टाळण्यासाठी अंथरूण धरतो, भेटीगाठी सोडतो, आणि त्यामुळे ज्यातून मनाला उभारी मिळावी तेच झरे आटतात. तेव्हा उभारी येण्याची वाट न पाहता आधी एक लहानसे काम करावे, हा त्याचा अर्थ.

या साध्या तत्त्वाची कसोटी गोव्यात लागली, ही गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावी. १९९६ साली तेथे स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर प्रयोग केला. समुपदेशन करणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली सामान्य स्थानिक माणसे होती, आणि सहा ते आठ बैठकांचा आटोपशीर कार्यक्रम त्यांच्या हाती दिला होता. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ डॉक्टरांच्या देखरेखीत असलेल्यांपैकी ३९ टक्के. ज्या देशात २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून राहतात, तेथे सरकारने या आकड्यांची दखल घेऊन तालुक्यातालुक्यांत अशी माणसे नेमावयास हवी होती. ते अद्याप पुरेसे झालेले नाही.

या उपचारांविषयी भलत्या आशा बाळगू नयेत, हेही सांगितले पाहिजे. उत्तम हातांतही सर्वांना गुण येत नाही. कित्येकांना औषधे लागतातच आणि ती घेण्यात कमीपणा नाही. आणि शहरांतून दोनचार दिवसांची शिबिरे करून स्वतःला समुपदेशक म्हणवणारे जे लोक निघाले आहेत त्यांच्यापासून सावध राहावे. आपल्या उपचारकाचे शिक्षण विचारण्याचा, उपचाराची मुदत व उद्दिष्ट विचारण्याचा, आणि गुण येत नसल्यास दुसरीकडे जाण्याचा रुग्णाला पुरता हक्क आहे. १९१२ च्या कायद्याने मनोरुग्णाचा विचार मुख्यतः बंदोबस्ताच्या दृष्टीने केला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याला उपचाराचा अधिकार दिला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरण्याची तरतूद केली.

हा विषय केवळ कुतूहलाने वाचणाऱ्यांचे स्वागत आहे. परंतु ज्यांनी हे पान स्वतःच्या किंवा घरातील कोणाच्या यातनेमुळे उघडले असेल त्यांना माझी विनंती अशी, की पुढील प्रकरणे वाचून स्वतःच निदान करीत बसू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जावे, आणि तेवढेही आज जमत नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही सेवा विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असते, आणि तेथे मराठीतून बोलता येते.